पाठपोट लिहिलेला कागद

मी एक कागद बोलतोय. फुलस्केप, निळ्या रेघांचा, उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग असलेला. उद्या सकाळी मला वसमतला फ्रेमवाल्याकडे नेणार आहेत. तो मला प्लायवर चिकटवील, पुढून काच लावील, मागून खिळे ठोकील. एकदा ते झालं की माझं अर्धं तोंड कायमचं बंद. म्हणून जे सांगायचं ते आजच सांगून टाकतो. घाईत पुढचं मागं होईल, सांभाळून घ्या.

माझ्या जन्माचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. सेनगावच्या एका दुकानातून डझनभर ताव विकत आले, त्यातला मी एक. विकत घेणारे उत्तमराव गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आणि गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे बावीस वर्षांचे सेक्रेटरी. मंडळी म्हणजे काय, तर नऊ घरं आणि पत्र्याचं छप्पर असलेलं एक छोटं चर्च. पाळकसाहेबांकडे अशी सहा गावं, त्यामुळे ते एक रविवार सोडून मोटारसायकलवर येत. मधला सगळा कारभार गुरुजींचा.

गुरुजींची एक खोड होती. पाठकोरा कागद ते कधी फेकत नसत. जुन्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, विजेची बिलं, सगळ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचं टपोरं अक्षर असायचं. "एका बाजूनं लिहून टाकून देनं म्हंजे अर्धं जेवून ताट सारनं," असं ते म्हणत. मी कोरा करकरीत होतो, तेव्हा मला ही खोड गमतीची वाटायची. पुढे तिनंच माझा घात केला.

फेब्रुवारीतला पहिला रविवार. उपासना संपल्यावर गुरुजींनी मला परीक्षेच्या पॅडला चाप लावून जळबाच्या घरी नेलं. जळबा गवंडी. चर्चच्या चारही भिंती त्यानं उभ्या केल्या होत्या आणि तीस वर्षं तिथली पेटीही तोच वाजवायचा. पण मी पाहिला तो जळबा खुर्चीत उशा लावून बसवलेला होता. पाय सुजलेले, ओठ काळसर. त्याचं हृदय मोठं झालं होतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून बिचारा झोपायचाही बसूनच.

त्याची एकुलती एक लेक पल्लवी. तिचं लग्न कुरुंद्याच्या रणजीतशी मे महिन्यात ठरलं होतं, हळदीचा हंगाम उरकल्यावर. जळबाची तब्येत पाहून रणजीतच्या वडिलांनी आपणहून सांगितलं, "हळद ऱ्हाऊ द्या वावरात, लग्न आधी करू." चांगली माणसं. पण आमच्यात लग्नाची घोषणा तीन रविवार चर्चमध्ये वाचावी लागते. कुणाची हरकत असेल तर सांगा, म्हणून. त्याशिवाय लग्न लागत नाही. त्या दिवशी पहिली घोषणा झाली होती, दोन बाकी होत्या. तिसऱ्या रविवारनंतरचा मंगळवार लग्नाला धरला. म्हणजे सोळा दिवस. धडधाकट माणसाचे सोळा दिवस कसे भुर्रकन जातात! इथे एकेक दिवस ओढत न्यायचा होता.

"लिहा गुरुजी," जळबा म्हणाला. "लग्नाचा क्रम लिहा. पाळकसाहेब ऐनवेळी इसरतेत."

गुरुजींनी लिहायला घेतलं. वरात आत येते, मग प्रार्थना, मग भजन. शास्त्रपाठ पल्लवीच्या मावशीनं वाचायचा. पाचव्या ओळीवर पाळकांचा संदेश.

"संदेश लहान ठिवा म्हना," जनकाबाई, जळबाची बायको, आतून म्हणाली. "मागच्या बारीला पाऊन घंटा बोलले. वऱ्हाड जेवायला निघून गेलं."

जळबा हसला आणि त्याला ठसका लागला. मग हरकत विचारायची सहावी ओळ झाली आणि सातवी आली. पाळक विचारतात, "या वधूला कोण देतो?" तेव्हा बापानं उठून म्हणायचं, "मी देतो," आणि लेकीचा हात पुढे करायचा. एवढंच. एवढ्यासाठीच तर हे सगळं मे महिन्यातून फेब्रुवारीत ओढलं होतं.

सातव्या ओळीवर गुरुजींचा पेन थांबला. त्यांनी जनकाबाईकडे पाहिलं. तिनं डोळे खाली घातले. मग गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली आणि 'वधूला देणारे : श्री. जळबा' यातलं नाव तेवढं पेन्सिलनं लिहिलं. खोडता यावं म्हणून. वेळ आली तर पल्लवीच्या मामाचं नाव घालता यावं म्हणून. त्या पेन्सिलचं टोक मला असं टोचलं की काय सांगू. बाकी सगळा क्रम शाईत, आणि बाप तेवढा शिशात! जळबा खिडकीतून बाहेर पाहत होता. त्याला दिसलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

मग आठवी ओळ वचनांची, नववी अंगठी आणि मंगळसूत्राची, शेवटी आशीर्वाद आणि रजिस्टरवर सह्या. माझी एक बाजू भरली. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटला. लग्नाचा कागद व्हायला नशीब लागतं.

गुरुवारी जळबाला हिंगोलीला दाखवायला नेलं. गुरुजी बरोबर होते. संध्याकाळी परत आले ते चपला न काढता घरात शिरले आणि पॅडसमोर बसले. बायकोला, द्वारकाबाईला, म्हणाले, "डॉक्टर म्हनले, आठ दिवस, न्हाईतर पंधरा. पल्लवीला सांगू नका म्हनली जनकाबाई. लेकरू लग्नात रडत उभं ऱ्हाईन."

लग्नाला बारा दिवस होते. आठ की पंधरा? बारा त्या दोहोंच्या मध्येच लटकलेले. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच. लोक अशा वेळी देव पाण्यात घालून बसतात म्हणे. आमच्याकडे तशी सोय नाही, नुसतं बसायचं.

त्यात पाळकसाहेबांचा फोन आला. लग्नानंतरचा पंधरवडा ते नांदेडकडे सभांना जाणार होते. ते म्हणाले, "गुरुजी, मी नसताना काही झालं तर तुम्हालाच उभं राहावं लागेल. क्रम लिहून ठेवा. त्या वेळी तुम्हाला सुचणार नाही."

गुरुजींनी फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याच अवस्थेत त्यांनी पॅडवरचा वरचा कागद काढला, उलटा केला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. तो वरचा कागद मी होतो. 'बंधू जळबा यांच्या अंत्यविधीचा क्रम.'

अहो गुरुजी, बाजूला दहा कोरे ताव पडलेत, असं मी ओरडणार होतो. कागदाला कुठला आवाज! घरातून प्रेत निघण्याची प्रार्थना, दोन शास्त्रपाठ, मग चौथ्या ओळीवर एक भजन. ते भजन पुस्तकात नाही. जळबाच्या वडिलांनी रचलेलं, आमच्याच मंडळीत म्हटलं जाणारं, पाच कडव्यांचं. 'तुझ्या हाती दोरी, मी चालतो मागे,' असं त्याचं ध्रुपद. कुणीही गेलं की जळबा पेटी घेऊन ते म्हणायचा आणि म्हणायचा, "माझ्या माघारी हेच म्हना." गुरुजींनी ते शाईनं लिहिलं. इथे पेन्सिलची गरज त्यांना वाटली नाही. मग माती देणं, आशीर्वाद. नंतर वेगळ्या कागदावर उतरवू म्हणाले, मला परत सुलटं करून चाप लावला आणि तोंड धुवायला गेले. उतरवायचं राहिलं ते राहिलंच.

आता माझी काय दशा झाली विचार करा. पुढून लग्न, मागून मरण, आणि मध्ये मी, काडीइतकाही जाड नाही. कोणती बाजू आधी वाचली जाईल? रोज तोच प्रश्न. दुसरा रविवार गेला. दुसरी घोषणा झाली. जळबाला चर्चला आणता आलं नाही. गुरुजी घरी येऊन द्वारकाबाईला म्हणाले, "आज बोलताना तीनदा दम घेतला त्यानं." मी देवाला म्हणत होतो, माझी पाठ फाडून टाक, वाळवी लाव, पाणी सांड. सांडला तो चहा, आणि तोही कोपऱ्यात.

शनिवारी पल्लवी गुरुजींच्या घरी आली. गुरुजी चर्चमध्ये बाकं पुसत होते. द्वारकाबाईला म्हणाली, "काकू, लग्नाचा क्रम द्या ना. सेनगावला जाऊन झेरॉक्स काढून आणते. पावन्यांना कायच कळत न्हाई कधी काय चालू हाय ते." द्वारकाबाईला मागच्या बाजूचं ठाऊक नव्हतं. तिनं चाप उघडला आणि मला तिच्या हातात दिलं.

सेनगावला गुलाबचंद शेठचं झेरॉक्सचं दुकान. नवीन मशीन आणल्यापासून ते भलतेच खुशीत होते. पल्लवी कानाला फोन लावून फुलवाल्याशी भांडत होती. "निशिगंध म्हनले होते मी, झेंडू न्हाई!"

"ताई, कितने?" शेठनी विचारलं.

"साठ."

त्यांनी मला उलटून पाहिलं. नुसतं पाहिलं, वाचलं नाही. झेरॉक्सवाले वाचत नाहीत, त्यांना फक्त काळं-पांढरं दिसतं. "पाठपोट मारू ना? कागद बचेगा."

पल्लवीनं फोनवर बोलता बोलता मान हलवली.

साठ वेळा तो उजेड माझ्या पोटाखालून गेला आणि साठ वेळा पाठीखालून. एक पाप होतं, त्याची साठ झाली. गरम गरम गठ्ठा, लग्नाची बाजू वर, पिशवीत गेला. त्याच्यावर मी.

घरी आल्या आल्या तिनं पिशवी बापाच्या मांडीवर ठेवली. "बाबा, बघा कसं झालंय."

जळबाला प्रत्येक गोष्ट तपासायची सवय. भिंत बांधली की ओळंबा सोडून एक डोळा झाकून बघणारा माणूस. त्यानं गठ्ठ्यातला एक कागद घेतला, पुढची बाजू वाचली, "झ्याक हाय" म्हणाला आणि मागे काय आहे ते पाहायला उलटला.

मी मांडीवरून त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याचे डोळे एकेक ओळ खाली उतरत गेले. शेवटपर्यंत त्यानं सगळं वाचलं. पल्लवीला काहीतरी चुकलंय असं वाटलं, तिनंही एक कागद उलटला. आणि ती ओरडली. तसलं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. ज्या दिवशी तो खरोखर गेला त्या दिवशीही नाही.

जनकाबाई धावत आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पल्लवीनं सांगितलं तसं तिनं कपाळ बडवून घेतलं. गठ्ठा उचलला आणि थेट चुलीत घातला. साठच्या साठ. माझ्यावरही हात टाकला, पण जळबानं मनगट धरलं. तेवढ्या ताकदीनं त्याला धाप लागली.

"याला ठिव," तो म्हणाला. "हा असल हाय."

कुणीतरी सांगितलं म्हणून गुरुजी पळत आले. दारातच त्यांनी हात जोडले. "जळबा, माझं डोकं फिरलं होतं. म्या काहून केलं असं? मला मार तू, पायतान घे हातात."

"रडून काहून राहिले गुरुजी? अक्षर बराबर आलंय." जळबानं श्वास घेतला. "बसा. पेन द्या."

गुरुजींनी पेन दिला. बाप लेकीला म्हणाला, "पल्लवे, इकडं ये माय. तुला न्हाई सांगितलं कुनी. मला बी न्हाई सांगितलं. पन मला म्हाईत होतं." ती त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली. त्यानं मला उलटं करून तिच्या पाठीवरच ठेवलं, लिहायला टेकण म्हणून. तिचं हुंदके देणं मला खालून हादरवत होतं आणि वरून पेन चालत होता. त्यानं मागच्या बाजूची चौथी ओळ एका रेघेनं खोडली. आडवी, सरळ, गवंड्यानं ओढावी तशी रेघ.

"आहो, ते तर तुमचं भजन," जनकाबाई म्हणाली.

"म्हनूनच. म्या मेल्यावर म्हनसान तर मला काय ऐकू येईन? लग्नात म्हना."

"लग्नात मयतीचं भजन? लोक काय म्हनतीन? रणजीतची मान्सं उठून जातीन!"

"माझ्या बापानं ते मयतीसाठी न्हाई केलं, जनका. विहिरीवर मोट हाकताना केलं. मयतीत आपुनच नेलं." त्यानं मला सुलटं केलं आणि सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधल्या जागेत वाकड्या अक्षरात भजनाचं नाव घातलं. मग पेन सातव्या ओळीवर नेला. पेन्सिलनं लिहिलेल्या आपल्या नावावरून, अक्षर अक्षर गिरवत, त्यानं शाई फिरवली. म्हणजे त्याला त्या दिवशी दिसलं होतं. गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतरचे तीन दिवस मी त्याच्या खुर्चीच्या उशीखाली होतो. त्याचा श्वास मला आतून ऐकू यायचा. आत, बाहेर, आणि मग इतका वेळ काहीच नाही की मी हादरून जायचो. ये रे बाबा, घे श्वास, मंगळवार लांब नाही, असं मी त्याला विनवायचो. रविवारी तिसरी घोषणा झाली. कुणाची हरकत आली नाही. सोमवारी त्यानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

मंगळवारी चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये आणलं. छापील क्रम कुणाच्याच हातात नव्हता. पाळकसाहेबांच्या हातात फक्त मी. त्यांचा अंगठा माझ्यावर घामानं ओला झाला होता, कारण गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

प्रार्थना झाली, शास्त्रपाठ झाला. पाचवी ओळ, संदेश. मी त्यांच्या हातातून विनवत होतो. साहेब, नका बोलू, पाया पडतो, तो बसलाय तिकडे आणि त्याचे ओठ निळे पडलेत! पाळकसाहेबांनी घसा खाकरला, जळबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रीती काय असते हे आज मी सांगायची गरज नाही." संदेश संपला. बावीस वर्षांत एवढा लहान संदेश मंडळीनं ऐकला नव्हता.

हरकत विचारून झाली आणि भजन आलं. पेटीवर कुणीच नव्हतं. पहिल्या कडव्याला लोक चाचरले, एकमेकांकडे बघायला लागले. मग जनकाबाईनंच आवाज लावला, जिला कालपर्यंत हा अपशकुन वाटत होता. दुसऱ्या कडव्याला सगळे आले. जळबा डोळे मिटून ऐकत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोटं मात्र गुडघ्यावर पेटी वाजवत होती, पाचही कडवी.

"या वधूला कोण देतो?"

तो उठला. गुरुजींच्या खांद्याला धरून उठला. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. श्वास सगळा उठण्यातच गेला होता. सगळं चर्च वाट पाहत होतं. पत्र्यावर कबुतर चालल्याचं ऐकू येत होतं. पल्लवीनं बापाकडे पाहिलं. मामा पुढे सरकणार, इतक्यात जळबानं जनकाबाईचा हात धरून आपल्याजवळ ओढला.

"आमी," तो म्हणाला.

माझ्यावर नाव त्याच्या एकट्याचं लिहिलं होतं. त्यानं माझं ऐकलं नाही. बरं केलं.

त्यानंतर नवव्या दिवशी माझी मागची बाजू वाचली गेली. पाळकसाहेब नांदेडकडेच होते, गुरुजी उभे राहिले. प्रार्थना, शास्त्रपाठ, आणि मग त्यांची नजर त्या खोडलेल्या ओळीवर आली. ती सोडून पुढे जायचं होतं. ते गेले नाहीत, त्यांना जाता आलं नाही. कुणी गायलं नाही, कुणी हललंही नाही. पाच कडव्यांना लागतो तेवढा वेळ सगळी मंडळी उन्हात तशीच उभी राहिली. शेवटी जनकाबाईच म्हणाली, "फुडं वाचा गुरुजी. झालं असंन आता."

आता मी कुरुंद्याला असतो, पल्लवीच्या भजनाच्या पुस्तकात. दर रविवारी ती मला काढते. आधी मागची बाजू बघते, त्या खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवते. मग मला उलटते आणि पुढच्या बाजूला, बापाच्या वाकड्या अक्षरात, तेच भजन शोधते. सापडलं की पुस्तक मिटते.

रणजीतला हे बघवत नाही. लग्नाला वर्ष होतंय, तेव्हा मला फ्रेम करून भिंतीवर लावायचं त्यानं ठरवलंय, तिला न सांगता. आज सकाळी भावाला म्हणाला, "मागचं नगं दिसायला. बघून रडत बसती." चांगला आहे हो तो. त्याच्या चांगुलपणाचीच मला भीती वाटते.

रणजीतराव, हात जोडून सांगतो. कागद वाया जाऊ नये म्हणून माझ्या पाठीवर लिहिलं, हे खरं. चूकच झाली. पण खोडलेली ओळ भिंतीकडे गेली, तर पुढचं भजन नुसतं लग्नातलं एक भजन होईल. ते बापानं आपल्या मरणातून काढून लेकीला दिलं, हे कुणाला दिसणार? तिला रडू द्या. रडून झालं की ती मला उलटतेच. मला चिकटवू नका.